उरलेल्या ३६२ दिवसांचा धम्म



मित्रहो, आमच्यातल्या एका कार्यकर्त्याचा मावसभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत, टेक्सासला असतो. त्याच्या शेजारी मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची वस्ती आहे. त्याने फोनवर सांगितलेली गोष्ट आमच्या डोक्यातून जात नाही. दर आठवड्याला त्या वस्तीत दोन पोरं येतात. वय एकोणीस-वीस, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. पोरं गोरी, घरी इंग्रजी बोलणारी. पण मजुरांच्या दारात उभी राहून स्पॅनिश बोलतात. कुणाचं सामान उचलून देतात, कुणाला फुकट इंग्रजी शिकवतात, आणि मग आपल्या धर्माचं पुस्तक पुढे करतात. ही मॉर्मन पंथाची मिशनरी पोरं.

आम्ही त्यांची माहिती काढली. मुलगा अठराचा झाला की तो दोन वर्षांसाठी घर सोडतो. मुली दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं हे तो ठरवत नाही, चर्च ठरवतं. पगार नाही, उलट खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून. भाषा येत नसेल तर युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या केंद्रात काही आठवडे घोकून घेतात आणि थेट वस्तीत पाठवतात. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा, घरी पत्र लिहिण्याचा. बाकीचे दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची दारं. एकटं फिरायचं नाही, कायम जोडीने.

हे वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, "आपला आठवडा कसा असतो रे?" उत्तर कुणालाच देता येईना. १४ एप्रिल कसा असतो ते सांगता येत होतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी आणि भोजनदानाचा स्टॉल कुठे लागतो ते सांगता येत होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची गाडी किती वाजता सुटते ते पाठ होतं. वर्षाचे तीन दिवस आपण जगाला दिसतो. उरलेल्या ३६२ दिवसांत आपला धम्म कुठे असतो?

याच प्रश्नातून आम्ही पाच-सहा जणांनी तुर्भ्याच्या बाजूच्या एका वस्तीत काम सुरू केलं. आम्ही सगळे ऐरोली, रबाळे, घणसोलीत वाढलेले. आमचे बाप टीटीसी एमआयडीसीच्या कारखान्यांत नाहीतर वाशीच्या बाजारात हमाली करून थकलेले. वस्ती मात्र आमच्यासारखी नाही. तिथे जौनपूर-आझमगढकडचे लोक आहेत, बिहारचे आहेत, गुलबर्ग्याकडचे आहेत. त्यांतले बरेचसे आपलेच, म्हणजे तिकडचे दलित. पण आपल्या विहारात त्यांतलं कुणी येत नाही. का येत नाही, हे आपण कधी विचारलं का?

आता आमचा आठवडा सांगतो. रविवारी सकाळी विहारात वंदना, त्रिशरण-पंचशील, आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं अर्धा तास वाचन. तिथून थेट वस्तीत. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ मुलांची अभ्यासिका. जागा म्हणजे एका बंद पडलेल्या किराणा दुकानाचा ओटा. बुधवार कागदपत्रांचा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो सहजासहजी देत नाही. गावाकडच्या रेशनकार्डावर इथे धान्य मिळू शकतं, हे कित्येकांना माहीत नसतं. शनिवारी सकाळी आठच्या आत मजूर नाक्यावर, कारण आठनंतर काम मिळालेले निघून जातात आणि उरलेल्यांचा बोलायचा मूड नसतो. सोमवारी रात्री वही: कोण भेटलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात कोण कुठे जाणार. शुक्रवार घरच्यांचा. आम्हीही नोकरी करणारे, शिफ्टमध्ये राबणारे लोक आहोत. घरच्यांना विसरून चळवळ चालत नाही, हे आम्ही मोठ्या कार्यकर्त्यांच्या घरांकडे बघून शिकलो.

पहिले दोन महिने आम्ही फक्त बोलत होतो. तेही मराठीत; अडलं की मोडकं हिंदी. एका रविवारी नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने आम्हाला शांतपणे विचारलं, "भैय्या, आपका बुद्ध मराठी में ही बोलता है क्या?"

मित्रहो, हा टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याने इथे पाहिलेला बुद्ध मराठी बोलतो, मराठी गाणी ऐकतो, मराठी भाषणात मान डोलावतो. बुद्धाचा जन्म लुंबिनीचा, पहिला उपदेश सारनाथचा, महापरिनिर्वाण कुशीनगरचं. जौनपूरहून सारनाथ जेवढं जवळ आहे तेवढं आपल्या ऐरोलीहून पुणेसुद्धा नाही. ज्याच्या मातीत धम्म जन्मला त्यालाच तो परका वाटावा, याला जबाबदार कोण?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धाकडे तक्रार घेऊन येतात, की नाना कुळांचे लोक आपापल्या बोलीत तुमचं वचन बिघडवतात, आम्ही ते छंदाच्या भाषेत बांधतो. बुद्ध त्यांना फटकारतात आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत धम्म शिकावा अशी परवानगी देतात. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आम्ही पुन्हा बांधून ठेवला होता! त्यानंतर आम्ही त्रिशरण-पंचशीलाचा अर्थ हिंदीत सांगायला शिकलो. आमच्यातल्या एकीने भोजपुरीही उचलली. बायका तिच्याशी जेवढं बोलतात तेवढं आमच्यापैकी कुणाशी बोलत नाहीत.

पण भाषा आली म्हणजे शहाणपण आलं असं नाही. आमची मोठी चूक पुढेच आहे.

अभ्यासिकेतल्या तीन भावंडांच्या घरी आम्ही गेलो होतो. बापाने चहा मागवला. भिंतीवर संत रविदासांची तसबीर होती, हार घातलेली. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने बावीस प्रतिज्ञांचा विषय काढला आणि बोलता बोलता म्हणाला, "यह फोटो हटाना पड़ेगा." घर गप्प झालं. चहा पिऊन आम्ही उठलो. पुढचे दोन आठवडे ती तीन मुलं अभ्यासिकेत आली नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतली आणखी पाच-सहाही आली नाहीत.

सोमवारच्या वहीसमोर बसून आम्ही खूप भांडलो. एक म्हणाला, प्रतिज्ञांवर तडजोड नको. दुसरी म्हणाली, रविदास देव आहेत का? तेव्हा कुणीतरी बाबासाहेबांच्या १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथाची अर्पणपत्रिका काढून पुढे ठेवली. बाबासाहेबांनी तो ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. ज्यांना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर बसवलं, त्यांना एका मजुराच्या भिंतीवरून उतरवायला आम्ही निघालो होतो.

माघ पौर्णिमेला रविदास जयंती होती. आम्ही त्या घरी गेलो, चूक झाली म्हणून सांगितलं, आणि वस्तीतल्या जयंतीत सतरंज्या टाकण्यापासून भांडी घासण्यापर्यंत काम केलं. भाषण केलं नाही. रात्री त्या बापाने स्वतःच विचारलं, "अंबेडकर साहब ने रविदास जी पर क्या लिखा है?" दोन महिने जो विषय आम्ही लादत होतो, तो त्याने एका वाक्यात उघडला. पुढच्या मंगळवारी मुलं आली.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तिथे आमच्या अभ्यासाची परीक्षा झाली. थोरला मुलगा दहावी पास झाला होता. "हम बौद्ध हो गए तो बच्चे का सर्टिफिकेट जाएगा क्या?" आम्ही ठणकावून सांगितलं, नाही जाणार, १९९० साली कायदा बदलला, बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा हक्क कायम राहतो. हे बरोबरच होतं. पण आम्ही पुढे म्हणालो, दाखला इथेच काढून देतो. तो मिळाला नाही. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशावेळी कुटुंब ज्या राज्याचं रहिवासी होतं, त्या राज्याशी बांधलेला असतो. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच १९९० साली, मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात, दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर हा दर्जा सोबत येत नाही असा निर्णय दिला. म्हणजे मुलगा नवी मुंबईत जन्मला, इथे शिकला, इथेच त्याला जातीवरून चिडवलं गेलं. पण राज्याच्या आरक्षणासाठी तो इथला दलित नाही! जात रेल्वेत बसून सोबत येते, हक्क मात्र स्टेशनवरच राहतात.

शेवटी बापाने गावाकडून दाखला मागवला. तो केंद्राच्या संस्थांत आणि नोकऱ्यांत चालेल, पण त्या वर्षीची डिप्लोमाची जागा मुलाला खुल्या गटातूनच घ्यावी लागली. फीचा पहिला हप्ता भरायला आमचं विसाव्या हिश्श्याचं पाकीट कामी आलं. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग देण्याचं आवाहन केलं होतं. मॉर्मन लोक आपल्या चर्चला दहावा भाग देतात, आणि देतातच. आपण किती जण देतो? प्रत्येकाने आपल्या पगाराकडे बघून उत्तर द्यावं.

काही मित्र म्हणतील, तुम्ही मिशनऱ्यांचं कौतुक करता. अजिबात नाही. याच मॉर्मन चर्चने १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पुरोहितपद नाकारलं होतं. भारतातल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांबद्दलही बाबासाहेबांनी परखड लिहिलं आहे; धर्म बदलला तरी चर्चमधल्या बाकांवर जात बसूनच राहिली. आम्हाला त्यांची शिस्त हवी आहे, त्यांची उतरंड नको. किती जणांना पाण्यात उतरवलं याचा हिशेब आम्हाला नको. किती मुलं अभ्यासिकेत टिकली याचा हवा.

आणि शिस्त तरी त्यांच्याकडून उसनी कशाला घ्यायची? पहिल्या वर्षावासानंतर बुद्धांनी साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवलं, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असं सांगितलं. माणसं थोडी, वाटा जास्त, असा तो हिशेब होता. १९५० साली 'महाबोधी'तल्या लेखात बाबासाहेबांनी भिक्खूंनी लोकांची सेवा करावी असा आग्रह धरला, आणि पुढे दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला दिला. कांशीराम पंजाबचे, त्यांना बाबासाहेब भेटले ते पुण्यातल्या सरकारी नोकरीत, मराठी सहकाऱ्यांमुळे. तो विचार त्यांनी सायकलवर बसून हिंदी मुलखात नेला. आता त्या मुलखातले लोक कामासाठी आपल्या दारात आले आहेत. आपल्याला सायकलसुद्धा नको, तुर्भ्याचं रिटर्न तिकीट पुरे.

त्या कुटुंबाने अजून दीक्षा घेतलेली नाही. आम्ही विचारलंही नाही. मागच्या गुरुवारी त्यांची धाकटी मुलगी ओट्यावर बसून लहान पोरांना बाराखडी शिकवत होती, मराठी आणि हिंदी दोन्ही. भिंतीवर रविदास आहेत, शेजारी आता बाबासाहेबही आहेत. तो फोटो त्यांनी स्वतः विकत आणला.

तरुण मित्रांनो, यंदा जयंतीच्या डीजेची वर्गणी काढाल तेव्हा एक कोरी वहीही विकत घ्या. तिच्यावर सात वार लिहा. आणि त्यातल्या एका तरी वारापुढे अशा वस्तीचं नाव लिहा, जिथे आपली भाषा कुणी बोलत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!