राज्यप्राणी विकणे आहे

पुष्करच्या मेळ्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मावळता सूर्य, उडणारी धूळ, लाल पागोट्यातला म्हातारा आणि त्याच्यामागे उंटांची रांग. मीही तेच पाहून गेले होते. आमच्या गाईडने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "दीदी, फोटो पाहिजे की बाजार?" दोन्ही, म्हटल्यावर तो हसला. "मग उजाडायच्या आत निघू. आणि कॅमेरा जरा पिशवीत राहू द्या. कॅमेरा दिसला की लोक भाव बोलत नाहीत, पोझ देतात."

तो रायका आहे. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारी ही जमात. कच्छमधले त्यांचे भाऊबंद म्हणजे रबारी. त्यांची कथा अशी, की पार्वतीने खेळता खेळता मातीचा एक विचित्र प्राणी केला, शंकराने त्यात प्राण फुंकले आणि मग तो सांभाळायचा कोणी म्हणून पहिला रायका घडवला. या गाईडच्या आजोबांचा मोठा कळप होता. तो स्वतः वर्षभर जीप चालवतो आणि मेळ्याच्या दिवसांत आमच्यासारख्यांना फिरवतो. नाव लिहू नका म्हणाला. का, ते पुढे येईलच.

मेळा कार्तिकातला. पोस्टरवरच्या तारखा बघून जाणाऱ्यांना एक गोष्ट कळत नाही: जनावरांचा खरा व्यवहार त्या तारखांच्या आधी होतो. दिवाळी झाली की कळप यायला लागतात. पौर्णिमेला सरोवरात आंघोळीला गर्दी लोटते, तोवर बहुतेक उंटवाले निघून गेलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा मैदानावर शेकोट्या होत्या, चहाच्या किटल्या होत्या आणि उंट होते. पण उंटांपेक्षा घोडे जास्त होते. मारवाडी घोडे, तंबूत बांधलेले, दिमतीला दोन-दोन माणसं. गाईड त्यांच्याकडे न बघता पुढे गेला.

उंट कसा बघतात ते त्याने दाखवलं. खालचा ओठ ओढायचा आणि दात मोजायचे. पाच वर्षांच्या आसपास पुढचे दोन पक्के दात येतात, मग साधारण दर वर्षी एक जोडी. मग पायाचे तळवे, मग छातीखालचा घट्टा, ज्यावर तो बसताना भार टाकतो. अंगावर केस कातरून केलेली नक्षी मला फार आवडली होती. "ते गिऱ्हाइकासाठी नाही, तुमच्यासाठी," गाईड म्हणाला. हे मला जरा लागलं, पण खरं असणार.

त्याच्या ओळखीचे एक काका पाली जिल्ह्यातून पाच नर घेऊन आले होते. आपल्याकडे बैलबाजारात दलाल टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. इथे भाव उघड्यावरच चालला होता. लपवायला दुसरं गिऱ्हाईक तर हवं! जे एकमेव गिऱ्हाईक होतं, ते पुष्करातच पर्यटकांना उंटगाडीतून फिरवणारं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून काका गप्प बसले. गाईड माझ्या कानाशी पुटपुटला, "चांगला बोकड यापेक्षा महाग जातो."

इथे थोडी आकडेमोड करावी लागेल. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख. सात वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी. यातले बहुतेक राजस्थानातच. मधल्या काळात काय झालं? आपला शेकरू तसा 2014 मध्ये उंट राजस्थानचा राज्यप्राणी झाला आणि 2015 मध्ये त्याच्यासाठी कायदा आला: कत्तल बंद, आणि परवान्याशिवाय उंट राज्याबाहेर न्यायचा नाही.

हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. उंट खरोखर कत्तलीला जात होते. पण उंट सांभाळणाऱ्याचं घर चालायचं नर विकून. मादी विकायची नाही, ही रायकांची जुनी रीत. नर मात्र शेतीला, गाडीला दूरदूर जायचे. ट्रॅक्टर आणि टेम्पोने हे गिऱ्हाईक आधीच कमी केलं होतं. कायद्याने राज्याबाहेरची वाट बंद केली आणि उरलेला बाजारही बसला. ज्याला किंमत नाही तो प्राणी कोण पाळेल? मादीला तेरा महिन्यांची गर्भार अवस्था, दोन वर्षांत एक पिल्लू. कळप एकदा मोडला की लवकर उभा राहत नाही. गाईडच्या वडिलांनी तर शेवटी माद्याही विकल्या. कोणाला, कुठे, हे त्याने सांगितलं, आणि म्हणूनच त्याचं नाव इथे नाही.

मग त्याने एकदम विचारलं, "तुमच्या महाराष्ट्रात आमच्या लोकांचे उंट पकडले होते ना?"

हो. जानेवारी 2022. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पोलिसांनी कच्छच्या रबारींचे 58 उंट ताब्यात घेतले. कत्तलीसाठी हैदराबादला चालवलेत, असा संशय. उंट गोरक्षण संस्थेत गेले. झाडपाला ओरबाडत दिवसभर फिरणारा हा प्राणी, आणि तिथे उभ्याउभ्या वैरण. शेवटी कोर्टाने ते मालकांना परत द्यायला सांगितलं. विदर्भात रबारींचे तांडे किती वर्षं मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात, हे तिथल्या शेतकऱ्यांना नीट माहीत आहे; शेतात कळप बसवून खत मिळतं म्हणून ते त्यांची वाट बघतात. ही बातमी पुष्करच्या मैदानावर माहीत होती. मला ती नंतर शोधून वाचावी लागली.

दुधाचं काय, असं मी विचारलं. अमूल कच्छच्या उंटिणीचं दूध विकतं, त्याचं चॉकलेटही मिळतं. गाईड म्हणाला, "आजी म्हणायची, दूध विकणं म्हणजे पोर विकणं. पण आजी आता नाही, आणि पोरांची फी भरायची आहे. डेअरीवाला गावात आला तर मी पहिला उभा राहीन." त्यांच्या गावात अजून कोणी आलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत काकांचे दोन उंट गेले. सकाळी नाकारलेल्या आकड्यापेक्षा थोड्याच जास्त पैशांत. उरलेले तीन घेऊन ते परत निघाले, पालीकडे, पायी. पाच-सहा दिवसांची वाट. टेम्पो का नाही करत, मी विचारलं.

"टेम्पोत उंट दिसला की नाक्यावर थांबवतात," काका म्हणाले. "चालणाऱ्याला तेवढं कोणी विचारत नाही."