मेपलची चव कुठे ठेवावी

पुणे

चि. मुक्ता,


मेपलच्या मऊ कुकीज करताना अर्धा कप खरं सिरप पिठात घातलं, तरी भाजून निघाल्यावर त्या नुसत्या गोड लागतात. मग पुढच्या खेपेस सिरप वाढवायचं की दुकानातून मेपल इसेन्स आणायचा, असं तू विचारलं आहेस. माझं मत असं की दोन्ही करू नकोस. सिरप पिठातून काढूनच टाक आणि आटवून वरच्या आइसिंगमध्ये घाल. कुकीनं मऊ राहायचं आणि आइसिंगनं मेपलची चव द्यायची, अशी कामाची वाटणी केली की दोन्ही साधतं. एकट्या पिठाकडून दोन्ही मागितलं की एकही धड होत नाही. हा केवळ माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सिरप बनतं कसं आणि ओव्हनमध्ये गेल्यावर त्याचं होतं काय, हे नीट पाहिलं की दुसरं उत्तर निघतच नाही.

तू जिथे राहतेस त्या क्वेबेकमध्ये जगातल्या मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के सिरप तयार होतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री पाणी गोठेल अशी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतकी ऊब असली, की शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. हा रस पाण्यासारखा पातळ आणि जेमतेम गोड असतो. त्यात साखर असते २ टक्क्यांच्या आसपास, आणि ज्याला आपण मेपलची चव म्हणतो ती त्यात नसतेच. ती येते आटवताना. व्हरमॉन्टच्या सी. एच. जोन्स यांनी १९४६ साली घालून दिलेला एक ठोकताळा तिथले उत्पादक अजून वापरतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीनं भागायचं, म्हणजे एक माप सिरपला किती मापं रस लागेल ते कळतं. २ टक्क्यांचा रस असेल तर ४० लिटरहून जास्त रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप मिळतं. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश वर, म्हणजे १०४ अंश सेल्सियसच्या जवळ पोचलं की सिरप झालं. तोवरच्या उकळण्यात रसातली साखर आणि नत्रयुक्त द्रव्यं एकमेकांशी रासायनिक खेळ करतात, व्हॅनिलिनसारखी सुगंधी द्रव्यं एकवटतात आणि तो लाकडी, कॅरॅमलसारखा, किंचित धुरकट वास तयार होतो. ही सगळी सुगंधी द्रव्यं मात्र अत्यल्प प्रमाणात असतात. सिरपचा दोनतृतीयांश भाग साखर आणि उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. चव राहते ती या दोन्हींच्या मधल्या चिमूटभर द्रव्यांत.

आता हे सिरप पिठात घातलं की काय होतं ते बघ. अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटर सिरपचं वजन साधारण १६० ग्रॅम. मैदा, लोणी, साखर, अंडी धरून पिठाचा गोळा ८०० ग्रॅमचा असेल तर सिरप त्याचा पाचवा हिस्सा झालं, आणि त्यातली सुगंधी द्रव्यं तर आणखी विरळ. तशात मैदा आणि लोणी ओव्हनमध्ये स्वतःचा खमंग वास तयार करतात आणि तो मेपलच्याच जातकुळीचा असल्यामुळे मेपल त्यात हरवून जातो. शिवाय भाजताना पाण्याची वाफ निघते, ती जाताना उडून जाणारी सुगंधी द्रव्यं घेऊन जाते. कुकीज भाजत असताना घरभर जो मेपलचा वास दरवळतो, तो कुकीतून निघून गेलेला असतो. यावर तू म्हणशील, ‘मेपलची चव जर उष्णतेनंच तयार होते, तर ओव्हनच्या उष्णतेनं ती वाढायला हवी.’ शंका योग्य आहे. पण कढईत आटताना वासाचा काही भाग वाफेबरोबर जात असला, तरी मागे राहणारा रस चाळीसपटीनं दाट होत असतो आणि त्यात नवी चव सतत तयार होत असते. कुकीत तसं होत नाही. तिचा मधला भाग ओलसर असल्यानं शंभर अंशांच्या आतच राहतो आणि दहा मिनिटांत बाहेरही येतो. कडा त्याहून कितीतरी जास्त तापतात खऱ्या, पण तिथे जी चव तयार होते ती भाजलेल्या मैद्या-लोण्याची असते. मेपलची भर पडायला तिथे ना वेळ आहे ना पुरेसं साहित्य.

‘चव नाही तर नाही, निदान सिरपमुळे कुकी मऊ तरी राहील,’ असं पुष्कळांना वाटतं, आणि पाककृतींतही तसं लिहिलेलं आढळतं. मधाच्या बाबतीत ते खरं आहे. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मुबलक असतं आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून धरतं, म्हणून मध घातलेलं बेकिंग दिवसेंदिवस नरम राहतं. मेपल सिरपमधली साखर मात्र बहुतांश सुक्रोज, म्हणजे आपली रोजचीच साखर. पाणी धरणाऱ्या साखरा त्यात थोड्याच. त्यामुळे सिरपनं पिठाला मिळतं ते मुख्यतः पाणी. १६० ग्रॅम सिरपमागे पन्नासेक ग्रॅम पाणी येतं. पीठ सैल होतं, कुकी पसरते, ती पसरू नये म्हणून आपण मैदा वाढवतो आणि मग कुकी पावासारखी होते. ब्राउन शुगर हे काम कितीतरी चांगलं करते. तिच्यातल्या मळीत पाणी धरणाऱ्या साखरा असतात, मळी थोडी आंबटही असते, त्यामुळे खायच्या सोड्याला कामाला लावते आणि कुकी हलकी फुगते. बलक जादा घातला तर त्यातला स्निग्धांश आणि लेसिथिन मऊपणा देतात. सावर क्रीमनं ओल येते, पण ते दाट असल्यामुळे पीठ सैल होत नाही. ते घरात नसेल तर चक्का चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कुकी वेळेवर बाहेर काढणं. कडा नुकत्या स्थिरावल्या आहेत, मधला भाग अजून कच्चट दिसतो आहे, तेव्हाच ट्रे काढायचा. राहिलेलं काम ट्रेची धग करते. दोन मिनिटं उशीर झाला तर जगातलं कुठलंही सिरप ती कुकी मऊ करू शकणार नाही.

तुझ्या गावची खाद्यपरंपराही माझ्याच बाजूनं साक्ष देते. वसंताच्या तोंडावर तिथे उकळतं दाट सिरप स्वच्छ बर्फावर ओततात आणि थिजलेली ती चिवट पट्टी काडीला गुंडाळून खातात. १९३० च्या आगेमागे मंदीच्या काळात जन्मलेलं पुडिंग शोमर अजून घरोघरी होतं; त्यात साध्या केकच्या मिश्रणाला गरम पाकाची जोड देतात आणि भाजताना तो पाक तळाशी वेगळाच राहतो. दुकानात मिळणाऱ्या मेपलच्या पानाच्या आकाराच्या बिस्किटांतही मेपल असतो तो मधल्या क्रीममध्ये, बाहेरची बिस्किटं साधी. ज्यांच्या दारात हे झाड आहे, त्यांनी बहुतेक वेळा मेपल वरून, खालून किंवा मधून दिला आहे, पिठात विरघळवलेला नाही.

आता इसेन्सचा मुद्दा. तो ओव्हनमध्ये टिकतो, हे मी मान्य करते. स्वस्तही आहे. पण तो काय आहे हे तुला कळलं तर तुझं मन बदलेल असं मला वाटतं. मेपलच्या नकली स्वादांमध्ये मेथीदाण्याचा अर्क फार वर्षांपासून वापरला जातो, कारण मेथीत सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं आणि त्याचा वास मेपल सिरपची हुबेहूब आठवण करून देतो. बाळंतिणीनं मेथीचे लाडू खाल्ले की तिच्या घामाला जो गोडसर वास येतो तो याच द्रव्याचा. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ साली महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की तो वास नदीपलीकडे न्यू जर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका स्वादनिर्मिती कारखान्यातून येतो. मेथीशी माझं वैर नाही, ती तर आपल्या घरातली. पण सोटोलोन हा खऱ्या सिरपच्या वासातला एक सूर आहे, सगळा वास नव्हे. पिठात इसेन्स घातला की तो एकच सूर मोठ्यानं वाजतो, बाकीचे गप्प, आणि दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. तू तर खऱ्या सिरपच्या प्रदेशात राहतेस.

सिरप निवडताना मात्र सर्वांत फिकं, सोनेरी सिरप घेऊ नकोस. हंगामाच्या सुरुवातीचं फिकं सिरप नाजूक चवीचं असतं. ते नुसतं चाखायला किंवा दह्यावर घालायला उत्तम, पण पिठीसाखर आणि लोण्यापुढे ते टिकत नाही. हंगाम पुढे सरकतो तशी हवा उबदार होते, रसात सूक्ष्मजीव वाढतात, ते सुक्रोज फोडतात, आणि अशा रसाचं सिरप आटताना जास्त काळसर आणि जोरकस चवीचं होतं. पूर्वी अमेरिकेत या गडद सिरपवर खालच्या दर्जाचा शिक्का बसायचा आणि ते ‘स्वयंपाकासाठी’ म्हणून बाजूला पडायचं. २०१५ च्या सुमारास तिथे आणि कॅनडातही प्रतवारी बदलली. आता सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद ही चारही सिरपं एकाच वरच्या दर्जाची धरतात आणि फरक फक्त रंग आणि चवीचा सांगतात. मला हा बदल फार न्याय्य वाटतो. आइसिंगसाठी गडद किंवा अतिगडद घे.

कुकीसाठी २७५ ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम लोणी, १३० ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं आणि एक जादा बलक, ८० ग्रॅम सावर क्रीम, अर्धा चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ पुरेल. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे लोणी घट्ट होऊन कुकी पसरणार नाही. १७५ अंशांवर दहा-अकरा मिनिटं भाज. वीसएक होतील. आइसिंगसाठी तेच १२० मिलिलिटर सिरप, जे तू पिठात घालत होतीस. जाड बुडाच्या आणि उंच पातेल्यात ते मंद आचेवर ११० अंशांपर्यंत आटव, कारण सिरप उतू फार पटकन जातं. दुसऱ्या भांड्यात ४० ग्रॅम लोणी कढव. तूप करताना तळाशी बेरी बदामी होते तिथवर न्यायचं, पण गाळायचं नाही, बेरीसकट घ्यायचं. दोन्ही एकत्र करून कोमट झाल्यावर ११० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, मोठी चिमूट मीठ आणि लागेल तसं एक-दोन चमचे क्रीम घालून घोट. आटवलेल्या सिरपमधून जितकं पाणी गेलं त्याची जागा क्रीमनं घेतली, म्हणजे पातळपणा तोच, चव अधिक भरीव. या आइसिंगमध्ये जवळजवळ निम्मा वाटा सिरपचा आहे, ते ओव्हनमध्ये जात नाही, आणि घास घेताना जिभेला आधी तेच लागतं.

आइसिंग रवाळ होतं ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारणही सिरपच्या स्वभावातच आहे. ६६ टक्क्यांच्या आसपास साखर म्हणजे पाणी थंडपणी जेवढी साखर धरू शकतं ती जवळपास शेवटची मर्यादा. सिरप याहून पातळ असलं तर आंबतं, दाट असलं तर तळाशी खडे धरतं. आपण ते आणखी आटवलं, म्हणजे गार होताना त्यातली साखर बाहेर येणारच. ती रोखायची नाही, फक्त बारीक कणांत यायला लावायची. कडकडीत गरम असताना ढवळलं तर थोडेच कण धरतात आणि मोठे होतात. कोमट झाल्यावर घोटलं, तर पिठीसाखरेच्या असंख्य कणांभोवती असंख्य बारीक कण तयार होतात आणि आइसिंग मखमली लागतं. पाकात आपण लिंबू पिळतो ते साखर बाहेर येऊ नये म्हणून. इथे पिळू नकोस. आइसिंग वरून घट्ट बसायला हवं, आणि ते बसतं या बारीक कणांमुळेच.

राहता राहिला गोडाचा आक्षेप, आणि तुझ्या सासूबाई तो घेतील असं तू लिहिलंच आहेस. त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं नाही, कारण पिठातही साखर आणि वरही साखर हे खरंच जड होतं. पण उपाय आइसिंग काढून टाकण्यात नाही, पिठातली साखर कमी करण्यात आहे. २७५ ग्रॅम मैद्याला १३० ग्रॅम साखर ही नेहमीच्या कुकीपेक्षा कमीच आहे, आणि सिरप पिठातून गेल्यामुळे हे परवडतं. सावर क्रीमचा आंबटपणा, बेरीचा कडसर खमंगपणा आणि मीठ गोडाला आवर घालतात. त्यांच्यासाठी आइसिंग थोडं जास्त पातळ करून चमच्यानं नुसत्या रेघा ओढ. वर भाजलेल्या अक्रोडाची जाडसर भरड घाल. अक्रोडाच्या सालीतला तुरटपणा मेपलबरोबर फार छान जातो, आणि त्यांना तो आवडेल असा माझा अंदाज आहे.

कुकीज पूर्ण गार झाल्यावरच आइसिंग लाव, नाही तर ते वितळून ओघळेल. लावल्यावर दोन तास उघड्यावर राहू दे, मग डब्यात थरांमध्ये कागद घालून ठेव. आधीच झाकलंस तर कुकीतली ओल वर चढून आइसिंग चिकट होतं. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात, म्हणून पाहुणे येणार असतील त्याच्या आदल्या संध्याकाळी करायला घे. कशा झाल्या ते कळव, आणि सिरप कोणत्या रंगाचं वापरलंस तेही लिही.

तुझी,
मावशी