मागच्या आसनाचा कौल

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. दुचाकींना मात्र त्यावर प्रवेश नाही. मुंबईच्या स्कूटरस्वारास रायगडच्या किनाऱ्याकडे जाण्याचा सुखाचा मार्ग उरतो तो भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणाऱ्या रो-रो बोटीचा. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड अशी नारळी-पोफळींतून जाणारी वाट आगरदांड्यास पुन्हा पाण्यापाशी थांबते आणि फेरीबोट वाहनांसह दिघीच्या तीरावर नेते.

साठी ओलांडलेल्या दांपत्याने या वाटेसाठी स्कूटर निवडावी ती वेगाकडे पाहून नव्हे. बोटीच्या ओल्या उतारावर दोन्ही पाय नीट टेकणे, ही पहिली कसोटी. यामाहा एरॉक्स १५५ ची १४ इंची चाके खड्डे सहज पचवितात. परंतु मध्यभागी उंचवटा असल्याने पायांपाशी पिशवी ठेवता येत नाही. सुझुकी बर्गमन स्ट्रीट १२५ चा फूटबोर्ड सपाट व आसन ऐसपैस; टीव्हीएस ज्युपिटर १२५ च्या आसनाखाली ३३ लिटरची जागा. या दोहोंची चाके मात्र लहान; खड्डा अधिक जाणवतो.

म्हणून शोरूमभोवतीची एक फेरी पुरेशी नाही. सहचारिणीस मागे बसवून अर्धा तास खडबडीत रस्त्यावर चालवून पाहावे. चालविणाऱ्यास खड्डा आधी दिसतो, हँडलचा आधारही असतो. मागच्या पाठीला धक्का अवचित बसतो. तेव्हा निवडीचा अखेरचा शब्द तिचा असावा. दिघीच्या धक्क्यावर ती हसतमुखाने उतरली, तर व्यवहार लाभाचा झाला म्हणावे.