अकरा सुतांचा ठोकळा

खेळणं निवडताना मी एकच प्रश्न विचारते: मूल याचं काय काय करू शकेल? बटण दाबल्यावर गाणं म्हणणाऱ्या गाडीचं उत्तर एका ओळीत संपतं. साध्या लाकडी ठोकळ्याचं संपत नाही. तो आज भिंत असतो, उद्या बस, परवा बाहुलीची उशी, आणि मध्येच कानाला लावायचा फोन. खेळणं जितकं कमी करतं, तितकं मुलाला जास्त करावं लागतं. हा निकष लावला की दुकानातल्या बऱ्याच फळ्या आपोआप बाद होतात आणि उरलेलं नीट पाहायला वेळ मिळतो.

*

जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी काम सुरू केलं. १८४० मध्ये त्याने त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांना द्यायच्या वस्तूंचे त्याने क्रमाने संच केले होते. त्यातला तिसरा संच म्हणजे दोन इंची घन, आठ एक-इंची घनांत कापलेला. मूल आधी अख्खा घन बघतं, मग सुटा करतं, मग परत जुळवतं. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात हे संच पाहिले आणि मुलासाठी घेतले. त्या मेपलच्या ठोकळ्यांचं ऋण राइटने उतारवयातही मोकळेपणाने मान्य केलं.

*

ठोकळ्यांत मला सर्वांत पटलेलं माप कॅरोलिन प्रॅटचं. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली तिने मुलांची शाळा काढली आणि तिच्यासाठी स्वतः ठोकळे आखले. जाडी एक, रुंदी दोन, लांबी चार, असं प्रमाण. रंग नाही, चित्र नाही, अक्षरं नाहीत. आज प्रचलित असलेला मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन सूत जाड असतो.

हे आपल्या सुतारी मापात मांडून पाहा. इंचाला आठ सूत. म्हणजे जाडी ११ सूत, रुंदी २२, लांबी ४४. अर्धा ठोकळा २२ बाय २२ चा चौकोन, दुप्पट ठोकळा ८८ सूत, म्हणजे बरोबर अकरा इंच. दोन आडवे ठेवले की त्यांची उंची एका उभ्या कडेवर ठेवलेल्या ठोकळ्याएवढी होते. चार वर्षांच्या मुलीला यासाठी अपूर्णांक यावे लागत नाहीत. छत सपाट बसलं की तिला कळतं, तिरकं बसलं की तेही कळतं. हा हिशोब ठोकळ्यातच असतो, म्हणून माप चुकलेला संच कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

*

सुताराला काय सांगायचं, ते लिहून ठेवते.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. साग उत्तम, शिवणही चांगलं. जुन्या दाराच्या चौकटीचं लाकूड मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त त्यावर जुना ऑइलपेंट नसावा, कारण जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आधी पट्टीला चारही बाजूंनी रंधा मारून जाडी-रुंदी पक्की करायची, मगच लांबी कापायची. करवत लाकूड खाते, म्हणून सगळे ठोकळे आधी आखून एकामागून एक कापू नयेत. लांबीच्या मापावर एकदाच अडा, म्हणजे अडकण, लावून प्रत्येक तुकडा त्यालाच भिडवून कापावा. प्रत्येक काप गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवा. कडांना हलकी गोलाई, मग पॉलिश पेपर ८०, १२० आणि शेवटी २२० नंबरचा. गाल घासून बघितला तर कुठे टोचता कामा नये.

चाळीसपासून सुरुवात करावी: निम्मे मूळ मापाचे, उरलेल्यांत अर्धे आणि दुप्पट सारख्या संख्येने. कमानी, त्रिकोण, खांब नंतर. आकार थोडे आणि नग भरपूर, हे सूत्र. मूळ मापाचा सागाचा एक ठोकळा पाव किलोच्या थोडा आत भरतो, असा चाळीसांचा संच म्हणजे नऊ-दहा किलो. हे ओझं पिशवीत कोंबलं तर मूल पिशवी उघडणारच नाही. जमिनीलगतची उघडी फळी हवी, आकारानुसार रचलेली. आवरणं हाही मग वर्गीकरणाचा खेळ होतो.

*

अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली मुलांच्या ठोकळ्यांतल्या रचनांवर लिहिलं आणि टप्पे सांगितले. आधी मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे नेतं. मग रांगा आणि मनोरे, तेच ते पुन्हा पुन्हा. मग पूल: दोन उभे, वर एक आडवा. मग चारी बाजूंनी कुंपण. मग नक्षी आणि समतोल. त्यानंतर रचनेला नाव मिळतं आणि खेळात तिचा उपयोग होतो. शेवटी पाहिलेल्या खऱ्या इमारती उभ्या राहतात.

हे वाचल्यापासून दीड वर्षाचं पोर ठोकळे बादलीत भरतंय आणि ओततंय, एवढंच करतंय, म्हणून काळजी करणाऱ्या आयांना मी सांगते, त्याचं बरोबर चाललंय. वजन, आवाज, कड, खरखरीतपणा यांची ओळख व्हायला वेळ लागतो. पुलाची घाई करू नका.

*

शेजारची चार वर्षांची मुलगी पूल करत होती. दोन खांब लांब पडले, वरची फळी पोचेना. तिने फळी फिरवून पाहिली, पलटून पाहिली, आणखी एक ठोकळा मध्येच टेकवला, तो पडला. मग बराच वेळ नुसती बघत बसली. आणि एक खांब बोटाने हळूहळू सरकवायला लागली, डोळे फळीच्या टोकावर. फळी बसली तेव्हा तिने हात काढून पाठीमागे धरले. खोलीतल्या कुणीही तोंड उघडलं नव्हतं, हे तिचं भाग्य.

*

तोलाचा एक खेळ मोठ्यांनीही करून पाहावा. मूळ मापाचे पाच ठोकळे घ्या आणि टेबलाच्या कडेशी आडवे रचा. खालचा कडेपुढे ४ सूत, त्यावरचा त्याच्यापुढे ५, मग ७, मग १०, आणि सर्वांत वरचा २१. बेरीज ४७. ठोकळ्याची लांबी ४४. म्हणजे वरचा ठोकळा अख्खाच्या अख्खा टेबलाबाहेर, त्याच्याखाली टेबल नाही, आणि रचना उभी.

कारण सोपं आहे. प्रत्येक पातळीवर वरच्या सगळ्या ठोकळ्यांच्या वजनाचा मध्य खालच्या ठोकळ्याच्या कडेच्या आत राहिला, की ते पडत नाहीत. वर एकच ठोकळा असताना त्याला निम्म्यापर्यंत सरकायला मुभा असते. खाली उतरत जावं तसं प्रत्येक थराला मिळणारं अंतर कमी होत जातं. सात-आठ वर्षांचं मूल हे हाताने शोधून काढू शकतं. त्याला आकडे आधी सांगू नका.

*

तोलासाठी महागाची फळी आणायच्या आधी घरातल्या करवंट्या बघा. शेंड्या खरवडून, आतून-बाहेरून पॉलिश पेपर मारून, धुऊन वाळवलेल्या आठ-दहा करवंट्या म्हणजे अर्धगोलांचा संच. पालथ्या घातल्या की घुमट. उताण्या ठेवल्या की डुलतात आणि परत सावरतात. एका काठावर खडा ठेवला की कलतात, समोरच्या काठावर दुसरा ठेवला की सरळ. तळाशी ओली माती थापून वाळवली की करवंटी आडवी केली तरी उठून बसते. तंजावरची डुलणारी बाहुली याच तत्त्वावर उभी राहते: तळ गोल, वजन खाली.

*

आपल्याकडे रचण्याच्या खेळांना कधी तोटा नव्हता. लगोरीत चपटे दगड निवडण्यात निम्मं कौशल्य, आणि धावपळीत सात थर परत चढवण्यात उरलेलं. दिवाळीचा किल्ला तर महाराष्ट्रातल्या मुलांचं मोठं बांधकाम. दगड-विटांचा सांगाडा, वर गोणपाट, त्यावर कालवलेली माती, बुरूज, पायऱ्या, तळं, आणि अळीव पेरून उगवलेलं रान. माती ओघळते, बुरूज खचतो, पोरं पुन्हा लिंपतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आणला की हे सगळं जातं आणि मावळे मांडणं तेवढं उरतं. मावळे विकत आणा, किल्ला आणू नका.

*

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. माँटेसरीची साधनं त्यांना ठाऊक होती, पण ती महाग होती आणि तिथल्या मुलांच्या जगापासून लांबही. म्हणून दगड, शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. चांगलं खेळणं श्रीमंतांच्या घरचंच असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा इतिहास वाचावा. मोजणं, लावणं, रचणं शिंपल्यांनी होतं. हवी असते ती मोठ्या माणसाची नजर आणि रोज तीच वस्तू तिथेच सापडेल ही खात्री.

*

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र बिया, चिंचोके, गजगे, लहान खडे नकोत. चाचणीसाठी जो ठरीव साचा वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. त्या साच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. सुताराकडून फळीला तेवढं भोक पाडून घ्या आणि शंका येईल ती वस्तू त्यातून टाकून बघा.

चुंबकाच्या रंगीत टाइल्स सुरेख असतात, पण तडा गेलेली टाइल त्याच क्षणी खेळातून काढावी. आतले चुंबक सुटले आणि दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट पाहू नये, थेट दवाखाना गाठावा.

*

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीत कारागिराकडून घेतलेल्या लाकडी खेळण्यावर खूण दिसली नाही, एवढ्यावरून ते नाकारू नका. रंग कोणता लावलाय, ते मात्र समोरासमोर विचारा. कारखान्यातल्या प्लॅस्टिकवर खूण नसेल तर सरळ परत ठेवा.

*

लाखेच्या खेळण्यांची निगा वेगळी. चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची. चरकावर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी येते. जी उष्णतेने बसली ती उष्णतेने मऊही पडते. म्हणून गरम पाणी नको, गाडीच्या डॅशबोर्डवर नको, रणरणत्या उन्हात नको. सॅनिटायझर तर अजिबात नको, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. किंचित ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, एवढंच पुरे.

*

पावसाळा हा लाकडी खेळण्यांचा कठीण काळ, कोकणात विशेष. बंद पेटीत ठेवली की बुरशी ठरलेली. उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावीत. पांढरी बुरशी दिसलीच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून पंख्याखाली वाळवावं, नंतर कोवळं ऊन थोडा वेळ. लाकडात बारीक गोल भोक आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो ठोकळा त्याच दिवशी वेगळा करावा. पोखरणारा किडा शेजारच्या ठोकळ्यांत शिरायला वेळ लावत नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, ठोकळ्यांना तेल द्यावं. खोबरेल सुकत नाही, त्याचा थर चिकट राहतो आणि पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल सुकतं. खाण्याचं कच्चं जवस तेल घ्यावं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसणं, मग काही दिवस वाऱ्यावर. आणि ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

*

१९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर लाकडी तुकड्यांचा पिरॅमिड रचण्याचा अभ्यास केला. मदत किती आणि केव्हा करायची, हा त्याचा विषय. घरी वापरायला त्याचा अर्थ असा: मूल अडलं की एक पायरी पुढे सरका, चाललं की एक पायरी मागे या. ‘हे काय केलंस?’ असं विचारण्यापेक्षा ‘हे पडत कसं नाही?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल काहीतरी नाव चिकटवून मोकळं होतं. दुसऱ्याला ते वाकून खाली बघतं.

आणि केर काढताना अर्धवट मनोरा मोडू नका. खोलीतला एक कोपरा असा ठेवा की आजचं बांधकाम उद्याही उभं असेल. मुलाला काम पुढे चालू ठेवता येणं ही खेळण्यांच्या निगेचीच बाब आहे.

*

घरात फर्निचरचं काम निघतं तेव्हा सागाचे तुकडे पोत्यात भरून जाळायला जातात. यंदा काम निघालं तर त्या पोत्यातून निवडा, सुताराला चहा द्या आणि कागदावर तीन आकडे लिहून द्या: ११, २२, ४४.