अलिबागपुरतं लांब

लग्नानंतर कुठे जाऊन आलात, असं कोणी विचारलं की आम्ही सांगतो, 'अलिबागला.' समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, 'ते ठीक. पण हनीमूनला कुठे?' मुंबईकराच्या लेखी अलिबाग म्हणजे ऑफिसच्या पिकनिकची जागा. केरळ, अंदमान, गेला बाजार गोवा, यांच्या पंगतीत अलिबागला कोणी बसवत नाही. मी मात्र त्याला आमचा हनीमूनच म्हणते, आणि त्याला कारण आहे.

आमचं लग्न डिसेंबरात झालं. दोघांच्या रजा केळवण, हळद, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन आणि पाचपरतावन यांत संपल्या. पैसे हॉलवाल्याने आणि केटररने नेले. पौष सरून माघ लागला तरी आम्ही लालबागच्या चाळीतल्या खोलीबाहेर पडलो नव्हतो. खोली एकच. खाली सासू-सासरे आणि धाकटा दीर, वर पोटमाळा आमचा. पोटमाळ्यावर ताठ उभं राहता येत नाही आणि फळ्यांच्या फटींतून खालचा टीव्हीसुद्धा दिसतो. म्हणजे आमचं बोलणं खाली ऐकू जाणारच. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांशी कुजबुजतच बोलत होतो. नवऱ्याचा खरा आवाज मी ऐकला होता तो त्याने गॅलरीतून खाली मित्राला हाक मारली तेव्हा. भांडण झालंच तर ते एकाच गादीवर बसून व्हॉट्सॲपवर चालायचं.

हे सासूबाईंच्या लक्षात आलं असावं. एके दिवशी भाजी निवडताना त्याच म्हणाल्या, "जा दोघं कुठेतरी समुद्रावर. लांब नको, सोमवारी तुमची ऑफिसं आहेत." सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आम्ही राणीच्या बागेत गेलो होतो." आणि निघताना आईंनी आठवण करून दिली, "रविवारी संकष्टी आहे हो." माहेरी मी संकष्टी करायचे, हे त्यांना ठाऊक होतं.

लालबागहून भाऊचा धक्का स्कूटरवर हाकेच्या अंतरावर. मार्च २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट सुटते. आपली गाडी बोटीच्या पोटात लावायची आणि वर जाऊन बसायचं. रस्त्याने पनवेल-पेण-वडखळ करत गेलं तर अलिबाग शंभरेक किलोमीटर पडतं, समुद्रावरून मांडवा तासाभरात येतं. धक्क्यावर सकाळच्या मासळीचा बाजार नुकताच आवरत होता. रिकामे क्रेट, वितळणारा बर्फ आणि कोळणींचा हिशेब चाललेला. बोट निघाली तशी कुरव पक्षी मागे लागले. वरच्या डेकवर वारा आणि इंजिनाचा आवाज इतका, की साधं 'चहा घेतोस का?' हेही ओरडून विचारावं लागलं. नवऱ्यानेही ओरडूनच 'हो' म्हटलं. शेजारचे आजोबा दचकले. आम्ही दोघं हसत सुटलो. तोंडावर हात न ठेवता हसण्याची आमची ही पहिलीच वेळ.

मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. आम्ही गावात न थांबता पुढे आक्षीला गेलो. तिथे एका वाडीत घरगुती राहण्याची सोय केली होती. नारळ-सुपारीची झाडं, त्यांवर चढलेले मिरवेल, मधून वाहणारा पाट, आणि वाडीच्या टोकाला सुरूचं बन ओलांडलं की समुद्र. वाडीच्या मालकीण काकूंनी माझ्या हातातला चुडा पाहिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तिची बॅग तुम्ही उचला." पहिल्या पाच मिनिटांत बाई मला आवडल्या.

दुपारच्या जेवणात तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाची तळलेली तुकडी, मांदेलीचं कालवण आणि सोलकढी होती. इथे मला नवऱ्याबद्दल नवी माहिती मिळाली. लालबागमध्ये वाढलेल्या या माणसाला मांदेलीचे काटे काढता येत नाहीत. घरी आई त्याच्या ताटात नेहमी सुरमईच वाढते, म्हणून गोष्ट उघडकीला आली नव्हती. मी डोंबिवलीची असले तरी आजोळ मालवणचं. त्याच्या ताटातली मांदेली मी सोलून दिली, तर काकू म्हणाल्या, "आज दिलीस, उद्यापासून शिकव." हे वाक्य मी घरी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

संध्याकाळी काकांशी गप्पा झाल्या. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ओहोटी कधी, हे नवरा मोबाइलवर शोधू लागला. काका म्हणाले, "तो फोन ठेव. उद्या तिथी कोणती?" मी म्हटलं, "वद्य चतुर्थी." "मग चाराला पाऊणने गुण. तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, पहाटे तीनलाही. मधे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. साडेसातला निघा, दहाच्या आत किल्ल्यातून बाहेर पडा." पौर्णिमा-अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते. पुनवेला-अवसेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी पुरतं हटतच नाही, मग किल्ल्याला होडीच करावी लागते. नवऱ्याने गुपचूप मोबाइलवर पडताळून पाहिलं. काकांचा हिशेब काही मिनिटांच्या फरकाने बरोबर निघाला.

सकाळी चपला हातात घेऊन आम्ही पाण्यात उतरलो. वाळू ओली, घट्ट. मधल्या पट्ट्यात पाणी पोटरीपर्यंत. बाजूने घोडागाड्या धडधडत जात होत्या. किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. तटाचे दगड चुना न भरता एकावर एक रचलेत, म्हणजे लाट आदळली की पाणी फटींत शिरून जोर मरतो. नवरा साइट इंजिनिअर आहे. तो त्या फटींत बोटं घालून बघत बसला, आणि मी वाळू, पाणी, वारा आणि त्याला, कसलीच घाई न करता बघत राहिले. आत आंग्र्यांच्या काळातलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याचा साठा आहे. संकष्टीच्या दिवशी समुद्रातून चालत येऊन गणपतीचं दर्शन होईल, असं मी ठरवून केलं नव्हतं. आईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "माझ्या वतीनेही नमस्कार कर."

परतताना किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत असत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने सूक्ष्म मोजमापं बिघडतील अशी भीती निर्माण झाली, म्हणून हे काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून इथे नोंदी चालू आहेत, आणि नोंदींच्या खोल्या लोखंड न वापरता बांधल्या आहेत. हे कळल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे मुंबईच्या गोंगाटात काम होईना म्हणून अलिबागला येणारे आपण पहिले नाही."

दुपारी स्कूटर रेवदंड्याकडे काढली. वाटेत आक्षीचा शिलालेख बघितला. शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. नागाव, चौल ओलांडून रेवदंड्याला पोचलो. पोर्तुगीजांच्या जुन्या तटातूनच रस्ता गावात शिरतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी या चौलच्या बंदरात उतरला होता, विकायला एक घोडा घेऊन. एवढं मोठं बंदर आता शांत आहे. तटाशेजारी सुरूच्या सावलीत आम्ही बसलो, भरती चढत होती, आणि तिथे आमचं ते बोलणं झालं, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

पोटमाळ्यावर पैशाचा विषय काढणं अशक्य होतं. कितीही हळू बोललं तरी 'हप्ता', 'पगार' हे शब्द खाली पोचतात, आणि खालच्यांनी ऐकलं असेल या धास्तीने वाक्य अर्ध्यावर सुटतं. रेवदंड्याला मी पहिल्यांदा पूर्ण वाक्यात सांगितलं, की बाबा निवृत्त झालेत, भावाचं शिक्षण दोन वर्षं बाकी आहे आणि मी पगारातला एक भाग माहेरी देते, तो देत राहणार आहे. मी उत्तराची तयारी करून बसले होते. तो म्हणाला, "दे ना. पण मग माझंही ऐक." त्याने लग्नासाठी बँकेतून कर्ज काढलं होतं, घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. वडिलांना वाटत होतं, मुलाने साठवलेल्या पैशांतून सगळं झालं.

मी रागावले. मोठ्याने रागावले. तीनेक मिनिटं त्या तटाजवळ माझाच आवाज होता. कर्जाचा राग नव्हता, ते एकट्याने लपवून फेडायचा बेत केला याचा होता. मग त्याने वाळूवर काडीने आकडे मांडले. त्याचा पगार, माझा पगार, हप्ता, माहेरचे, घरखर्चाचे. तेवढ्यात दुसरीही गाठ सुटली. त्याला वाटत होतं, मला चाळीतून बाहेर पडायची घाई आहे, म्हणून तो बदलापूरला फ्लॅट बघत होता. मला वाटत होतं, हा चाळ सोडणारच नाही, म्हणून मी गप्प होते. खरं सांगायचं तर इतकी वर्षं डोंबिवलीहून लोकलने दाराला लटकून आल्यावर चालत ऑफिस गाठता येतं हे मला लालबागचं सुख वाटतं. चाळीचा पुनर्विकास व्हायचा तेव्हा होईल. ठरलं ते इतकंच, की आधी कर्ज फेडायचं, घर नंतर, कर्जाचं सासऱ्यांना सांगायचं, आणि पोटमाळ्याच्या जिन्याला वरच्या अंगाला झडप बसवायची.

वाडीत परतलो तोवर काकूंनी मोदकांची उकड काढली होती. घरात संकष्टी, त्यामुळे मासे नव्हतेच. नवऱ्याचा उपास असा आपोआप घडला आणि रताळी खाऊन तो दिवसभर मुकाट राहिला. नऊ वाजून गेल्यावर सुपारीच्या शेंड्यांआडून चंद्र आला. काका म्हणाले, "आता समुद्रावर जाऊन बघा, पाणी आत गेलेलं असेल." इथे चंद्र उगवताना ओहोटी असते आणि तो डोक्यावर येतो तेव्हा भरती, हे काकांचं पाऊणकीचं गणितच चंद्राच्या बाजूने मांडलेलं. चंद्राला अर्घ्य देऊन आम्ही मोदक खाल्ले. नवऱ्याने किती खाल्ले ते त्याच्या आईला सांगायचं नाही, असं कबूल केलंय.

सोमवारी सकाळच्या बोटीने परतलो आणि थेट कामाला गेलो. त्या आठवड्यात सासऱ्यांना कर्जाचं सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सुतार बोलावला. झडप बसली आहे. आवाज अजूनही थोडा खाली जातो, पण आता आम्ही तो जाऊ देतो.

नव्याने लग्न झालेल्यांना माझं सांगणं आहे, की लांबच्या सहली पुढे होतीलच, पहिली जवळची करा. लांब गेलं की पैसे वसूल करण्यासाठी सकाळपासून बघायचं असतं, फोटो काढायचे असतात, आणि बोलायचं राहून जातं. जवळ गेलं तर निम्मा दिवस नुसतं बसायला मिळतो. मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना आक्षी, नागाव, रेवदंडा, मुरूड हाताशी आहेत. पावसाळ्यात नको, तेव्हा गेटवेच्या लाँचही बंद असतात. हिवाळ्यात पंचांग काढा, तृतीया-चतुर्थीला धरून येणारा शनिवार-रविवार शोधा, म्हणजे सकाळी किल्ल्यात पायी जाता येईल. पगाराचं, कर्जाचं, माहेर-सासरचं जे बोलायचं असेल ते किनाऱ्यावर मोठ्याने बोला. आणि किल्ल्यात गेलात तर भरती लागायच्या आत परत फिरा, समुद्र नव्या जोडप्याला सवलत देत नाही.