बाद आणि साखळी

शाळेच्या क्रीडास्पर्धांची आखणी आमच्याकडे प्रथम आली त्या वर्षीं फुटबॉलचे ८ संघ होते. बाद पद्धतींत प्रत्येक सामन्यास एक संघ गळतो. म्हणजे ७ सामन्यांत विजेता ठरतो. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावें अशी पूर्ण साखळी धरल्यास २८ सामने होतात. वेळ थोडा व मैदान लहान, म्हणून आम्हीं बाद पद्धति पत्करली.

पहिल्याच सामन्यांत इयत्ता आठवीचा संघ एका गोलानें हरला. थोड्या वेळानें त्यांतील एक मुलगा येऊन विचारूं लागला, "सर, आमचा पुढचा सामना केव्हां?" महिनाभर त्यानें सराव केला होता. त्यास उत्तर देतांना आम्हांस आमचा हिशेब फार तोकडा वाटला.

पुढील वर्षीं चार चार संघांचे दोन गट केले. गटांत साखळी, आणि प्रत्येक गटांतील पहिले दोन संघ उपांत्य फेरीस. सामने १५ झाले, परंतु प्रत्येकास निदान ३ खेळावयास मिळाले. एकदां हरलेल्यासही सांवरण्यास अवसर राहिला. २०२२ सालीं अर्जेंटिना पहिल्या सामन्यांत सौदी अरेबियाकडून २-१ असा हरला, तरी विश्वचषक त्यानेंच जिंकला, तो या अवसरामुळेंच.

पण येथेंही एक छिद्र राहिलें. गटाच्या शेवटच्या सामन्यांत बरोबरी झाल्यास दोन्ही संघ पुढें जाणार होते. ते चेंडू नुसता इकडून तिकडे ढकलीत राहिले. ज्याचे सामने संपले होते तो तिसरा संघ कडेला बसून पाहत होता. आम्हीं रागें भरलों, तेव्हां एक कप्तान म्हणाला, "सर, नियम तर मोडला नाहीं ना?"

खरेंच मोडला नव्हता. १९८२ सालीं स्पेनमधील हिहोन येथें असेंच घडलें. पश्चिम जर्मनीचा १-० विजय त्यास व ऑस्ट्रियास दोघांसही पुरेसा होता. दहाव्या मिनिटास गोल झाला आणि पुढें खेळांत जीव उरला नाहीं. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशींच संपले होते. तो बाहेर पडला. १९८६ पासून विश्वचषकांत गटाचे शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळीं सुरू करितात.

आम्हींही आतां तसेंच करितों. एक सामना मोठ्या मैदानावर, दुसरा उपासनामंदिरामागील लहान पटांगणांत. त्या मुलांचा दोष होताच. परंतु मोहांत पडूं नये म्हणून रोज प्रार्थना करणाऱ्या आम्हीं दुसऱ्यास मोह पडेल असें वेळापत्रक आंखावें, हा दोष प्रथम आमचा होता.