वेल्सच्या वाटेवर : वेल्शपूलमधला टिपूचा तंबू

शनिवार

श्रूजबरीहून गाडी सुटली आणि अर्ध्या तासाच्या आत वेल्शपूल आलंसुद्धा. इंग्लंड कधी मागे पडलं ते कळलंच नाही. फलाटावरच्या द्विभाषिक पाट्या दिसल्या तेव्हा उमगलं. गावात कोंबड्यांच्या झुंजीचा जुना विटांचा आखाडा अजून जागेवर आहे. १८४९ साली या झुंजींवर बंदी आली, आखाडा मात्र कुणी पाडला नाही.

दुपारी लॅनवेअरची छोटी गाडी पकडली. १९०३ ची ही लाईन १९५६ मध्ये बंद पडली, ती हौशी स्वयंसेवकांनी १९६३ पासून पुन्हा चालवायला घेतली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाईट रेल्वेचंच माप! गावाबाहेर पडताच असा चढ लागतो की इंजिनाची धाप डब्यात बसून ऐकू येते. बार्शीची गाडी आता ब्रॉडगेज झाली. इथे कोळशाचे कण झटकत मी तिची आठवण काढत होतो.

रविवार

आजचा दिवस पोविस किल्ल्याचा. तेराव्या शतकात वेल्श राजपुत्राने बांधलेला, तांबड्या दगडाचा. खालच्या उताराला बागेचे मजले आणि ढगांसारखी फुगलेली यू झाडांची कुंपणं. बाग सुंदरच आहे, पण माझा पाय तिथे ठरेना. आत क्लाइव्ह संग्रहालय होतं.

प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. त्याची बायको हेन्रिएटा या किल्ल्याच्या हर्बर्ट घराण्यातली, म्हणून हा सगळा ऐवज इथे. टिपूच्या सिंहासनाचं सोन्याचं व्याघ्रमुख काचेआड आहे, आपल्या मुठीत मावेल एवढं, रत्नं जडवलेलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सिंहासन फोडून वाटून घेतलं होतं.

मी रेंगाळलो तो टिपूच्या तंबूपाशी. पांढऱ्या सुती छिटावर ओळीने महिरपी आणि प्रत्येकीत फुलांनी भरलेली कुंडी. लढाईवर जाणाऱ्या माणसालाही भोवती बाग लागायची तर! पुढे याच तंबूत पोविसकरांच्या गार्डन पार्ट्या झाल्या म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. पण १७९०-९२ च्या म्हैसूरच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्याच बाजूने टिपूवर चालून गेले होते, हेही विसरता येईना. मराठी माणसाने इथे नुसतंच रागावणं जरा सोयीचं होईल.

सोमवार

सोमवार म्हणजे मेंढ्यांचा बाजार, बऱ्यापैकी मोठा. कोंडवाड्यांच्या रांगांमधून लिलाव पुकारणारा पुढे सरकतो आणि त्याची बडबड एका श्वासात चालते. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून जो भाव ठरायचा, तो इथे चारचौघांत ओरडून ठरतो. घेणारा मात्र जेमतेम मान हलवतो. मी हात खिशात घालून उभा राहिलो, उगाच दोन मेंढ्या गळ्यात पडायच्या!

उद्या बसने माँटगोमेरी. तिथून ऑफा राजाच्या जुन्या बांधावर चालायचं आहे. पावसाचा अंदाज आहेच.